९४० किलोंची गंमत

माझदा एमएक्स-५ लिफ्टवर चढवली की पोटाखाली एक लांबलचक ॲल्युमिनियमची चौकट दिसते. वजन वाचवण्यासाठी तिला जागोजागी भोकं पाडलेली असतात. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून निघून ती थेट डिफरन्शिअलला जाऊन भिडते. जाहिरातीत ती सहसा झळकत नाही आणि अनेक मालकांनी तिला पाहिलेलंही नसतं. पण खिशाला झेपणारी स्पोर्ट्स कार कशी असावी, याचं गेल्या साडेतीन दशकांतलं सर्वांत चोख उत्तर या चौकटीत आहे.

बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोतो यांना एक साधी, हलकी, उघड्या टपाची दोन आसनी गाडी बनवायला सुचवलं. तशा गाड्या तेव्हा संपत आल्या होत्या. लोटस एलान बंद झाली होती आणि एमजी-बी १९८० मध्ये थांबली. पुढे हॉल स्वतःच माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत रुजू झाले. तिथल्या चमूने इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असा आराखडा मांडला, आणि टोकियोच्या प्रस्तावांना मागे टाकून तोच निवडला गेला. तोशिहिको हिराई यांनी प्रकल्प तडीस नेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, ११५ च्या आसपास अश्वशक्ती, अमेरिकेतली किंमत १३,८०० डॉलर. जपानी आवृत्तीचं वजन होतं ९४० किलो.

आता त्या चौकटीकडे. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन-गिअरबॉक्स एकीकडे आणि डिफरन्शिअल दुसरीकडे, आपापल्या रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात. ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही आधी थोडे पिळवटतात, रबर दबतं आणि मग चाकं जोर घेतात. सैल जुवाची बैलगाडी आधी हिसका खाते नि मग चालू लागते, तसाच हा प्रकार. माझदाच्या इंजिनिअरांनी ही दोन टोकं एकमेकांना घट्ट बांधून टाकली. डिफरन्शिअलला वेगळं वळवळायला वावच उरला नाही. पाय हलताच गाडी हलते, पाय उचलताच सावरते. गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवरच उभा आहे, मध्ये केबल नाही. मनगट जरासं वळवलं की गिअर खट्‌कन पडतो. पहिल्या पिढीत चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन होतं आणि पुढचं-मागचं वजन जवळपास निम्मंनिम्मं. त्यामुळे वळणावर गाडी काय करते आहे हे स्टिअरिंगमधून हाताला आणि सीटमधून अंगाला लगेच कळतं.

वेगाच्या आकड्यांत ही गाडी मार खाते. शंभरचा वेग गाठायला पहिल्या पिढीला नऊ सेकंदांच्या आसपास लागत. आज साधी कौटुंबिक गाडीही तेवढं करते. पण तीनशे अश्वशक्तीची गाडी घाटात तिच्या कुवतीच्या निम्म्यानेही चालवता येत नाही. एमएक्स-५ मात्र कायद्याच्या मर्यादेत राहून, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन लाल रेषेपर्यंत नेत चालवता येते. गाडी पूर्ण वापरल्याचं हे सुख पैशाने विकत घेतलेल्या वेगात नाही. स्पोर्ट्स कार निवडताना आधी वजन पाहावं आणि अश्वशक्ती नंतर, असं म्हणायचं ते यासाठी.

टोयोटानेही २०१२ मध्ये हाच विचार केला. जीटी-८६ ला २०० अश्वशक्ती देऊनही टायर घातले ते प्रियससारख्या काटकसरी गाडीला चालणारे. पकड मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे माफक वेगातही गाडीचा तोल पायाने खेळवता यावा. मागे नावापुरत्या का होईना दोन सीट हव्या असतील, तर तीच घ्यावी.

जुनी एमएक्स-५ घेताना मात्र चमचमता रंग पाहून भुलू नये. गुडघे टेकून मागच्या चाकांच्या पुढचा, दाराखालचा पत्रा बोटाने दाबून पाहावा. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली उतरतं. पाला-माती साचून त्या तुंबल्या की पाणी आत मुरतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली पाचर (की) सैल झाली तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. पुढच्या पुलीवर आठऐवजी चारच खाचा दिसल्या, तर सावध व्हावं. पहिल्या पिढीची मागची काच प्लास्टिकची आहे. छत पाडण्याआधी तिची चेन उघडली नाही तर ती घडीवर तडकते. माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची सेवा सुरू केली, ही मोठी दिलाशाची गोष्ट. पण चांगल्या गाड्या कमी होत आहेत आणि भाव चढत आहेत. नवख्या, तरुण चालकाला परवडावी म्हणून जन्मलेली गाडी संग्राहकांच्या गॅरेजात जाऊन बसते आहे, याचं वाईट वाटतं.

भारतीय ग्राहकाला तर ती मिळालीच नाही. माझदा इथे गाड्या विकत नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी आणि मुंबई बंदरातूनच उतरावी, असा नियम. त्यावर आयातशुल्क. स्वस्त स्पोर्ट्स कारचं गणित तिथेच कोसळतं. गोव्यात बनणारी सॅन स्टॉर्म हा आपल्याकडचा प्रामाणिक प्रयत्न होता. फायबरचं अंग, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ६० अश्वशक्ती. तिला खप मिळाला नाही आणि तिच्यानंतर त्या किमतीत दोन आसनी उघडी गाडी आणायचं धाडस मोठ्या कंपन्यांनी केलं नाही.

खुद्द माझदासमोरचं संकट मात्र वजनाचं आहे. अपघात-सुरक्षा, एअरबॅग, पादचाऱ्याला वाचवण्यासाठी उचललं जाणारं बॉनेट हे सगळं आवश्यकच आहे, आणि प्रत्येक गोष्ट किलोंत मोजावी लागते. तरीही २०१५ च्या चौथ्या पिढीची सर्वांत हलकी जपानी आवृत्ती ९९० किलोंवर थांबली, हे अभियांत्रिकीतलं थोर काम आहे. पुढची पायरी विजेची. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोत माझदाने आयकॉनिक एसपी ही संकल्पना-गाडी मांडली. बॅटरीवर चालणारी, वीज तयार करायला रोटरी इंजिन असलेली, दिसायला देखणी. तिचं जाहीर केलेलं वजन होतं १,४५० किलो.