परक्या गावी सेवेला जाताना

मागच्या मे महिन्यात आमच्या पाळकसाहेबांनी विचारले, "कलबुर्गीच्या मंडळीला संध्याकाळच्या वर्गासाठी कुणीतरी हवे आहे. मजुरांची मुले आहेत. पगार नाही, राहणे-जेवण आहे. जातेस का?" मी लगेच होकार दिला. भालकी तालुक्यातल्या घरी आम्ही मराठी बोलतो, बाजारात कानडी बोलतो. शाळा मराठी माध्यमाची झाली तरी कानडी येतेच. मग कलबुर्गी परकी कशी?

तिसऱ्या दिवशी त्याचे उत्तर मिळाले. मी फळ्यावर कानडीत 'पाणी दे' असे वाक्य लिहिले. मराठीला एकच ओकार असतो, कानडीला दोन, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. 'कोडु' मधला ओ ऱ्हस्व असेल तर 'दे', दीर्घ असेल तर 'शिंग'. मी दीर्घ लिहिला. तिसरीतली एक मुलगी उठली, डोक्यावर दोन बोटे धरून शेजारणीला ढुशी मारू लागली आणि वर्ग हसून लोळला. बोलताना हा फरक आपोआप सांभाळला जातो. लिहिताना मराठी शाळा आड येते.

हसण्याचे मला काही वाटले नाही. दुसरी गोष्ट मात्र अजून सलते. तो वर्ग एक आक्का बरीच वर्षे चालवीत होत्या. मी पहिल्याच आठवड्यात मुलींना पुढे बसवले, प्रार्थनेची वेळ बदलली, हजेरीची नवी वही आखली. आक्कांनी काहीच विरोध केला नाही. फक्त त्या वर्गाला यायच्या थांबल्या. मला वाटले, विश्रांती घेत असतील.

सुट्टीनंतर ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार हाती लागला. १९७७ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. पुस्तक इंग्रजी आहे, त्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊनच बसावे लागले. पण त्यातून मला माझ्या महिन्याचा अर्थ लागला, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते.

१८८३ च्या एप्रिलात रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला होता. उतरल्या त्या वाँटेज या छोट्या गावी, सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात. या भगिनींचे पुण्यात काम होते. व्यवहार असा ठरला की, मठाने रमाबाईंना ठेवून घ्यावे आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा करार फार आवडला, कारण दोन्ही बाजूंना जमा आहे. रमाबाईंना वैद्यक शिकायचे होते, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

खरी कुरबुर सुरू झाली ती यानंतर, आणि तीही लहान गोष्टींवरून. रमाबाई शाकाहारी होत्या आणि तशाच राहिल्या. मठातल्या मंडळींना वाटे, धर्म बदलला तरी जातीचा अभिमान गेला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत असावे, असे रमाबाईंनी सुचवले. जी भाषा स्वतःला येत नाही आणि आपल्या लोकांनाही येणार नाही, ती का मिरवावी, हा त्यांचा प्रश्न. तोही हट्ट ठरला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी लिहून कळवले की, मायदेशी पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे. लगेच दुसरे मानेवर घ्यायची माझी तयारी नाही.

ज्यांच्याशी हा वाद चालला त्या सिस्टर जेराल्डाइनना रमाबाई पत्रात 'आजीबाई' म्हणत. मराठीतच. वाद करतानाही नाते सोडलेले नाही. जेराल्डाइनही काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांना रमाबाईंचे भले करायचे होते. फक्त भले म्हणजे काय, हे आपल्याला आधीच कळले आहे, असे त्या धरून चालत. वाचताना पहिली शंभर पाने मी अर्थातच रमाबाईंच्या बाजूने होते. मग एकदम हजेरीची ती आखलेली वही आठवली. कलबुर्गीत मी रमाबाई नव्हते, जेराल्डाइन होते.

परक्या गावी सेवेला गेलेल्या माणसाचे बिऱ्हाड भांडीकुंडी लावून होत नाही. पहिले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. तेव्हा अमेरिका आणि इंग्लंडची लढाई चालू होती, कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या बेतात होते. अशा टांगत्या अवस्थेत हॉल मराठी शिकत राहिले. मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट बाई १८८७ साली मुंबईत आल्या आणि १८९८ मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या कामात सामील झाल्या. आता पाट फिरला होता: घर रमाबाईंचे आणि शिकायचे गोऱ्या पाहुणीने.

आणि एक बिऱ्हाड तर थेट आपल्याकडचे. १९१२ मध्ये रमाबाईंनी गुलबर्ग्याला, म्हणजे आताच्या कलबुर्गीला, ख्रिस्ती हायस्कूल काढले आणि मनोरमाबाई तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. केडगाव ते गुलबर्गा एकाच रेल्वेमार्गावर, अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. पण १९१२ मध्ये ही वाट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. गुलबर्गा निजामाच्या मुलखात. कचेरीची भाषा उर्दू, लोकांची कानडी, आणि दोघींच्या मध्ये आमच्यासारखे मराठी व दखनी बोलणारे. पैसासुद्धा निराळा. इंग्रजी मुलखातला तो कलदार रुपया, निजामाचा तो हाली. सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. म्हणजे केडगावहून आलेल्या शंभर रुपयांचा हिशेब इथे दोनदा मांडायचा. ज्या मुलीचे बालपण वाँटेजला इंग्रजी ऐकत गेले आणि पुढचे शिक्षण अमेरिकेत झाले, ती इथे येऊन राहिली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या, रमाबाई पुढच्या एप्रिलात.

आपण बीदर-कलबुर्गीचे लोक या बाबतीत फसतो ते जवळीकीमुळे. भाकरी तीच, फक्त तिथे ती कडक करून ठेवतात. एण्णेगाईची वांगी आपल्या भरल्या वांग्यांच्या नात्यातली. म्हणून वाटते, आपल्याला सगळे ठाऊक आहे. लंडनला गेलेला माणूस निदान पहिले चार दिवस गप्प तरी बसतो.

शेवटच्या आठवड्यात मी आक्कांच्या घरी गेले होते. चूक कबूल करायचे धाडस झाले नाही. "आक्का, तुमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घ शिकायला आले आहे," असे म्हटले. त्यांनी आधी चहा दिला. मग पाटी काढली आणि 'कोडु' दहा वेळा लिहायला लावले, शिंग नसलेले. दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर आल्या, आणि मी मागे मुलांत बसले.

यंदाही बोलावणे आले आहे. बाबा म्हणतात, "फुकट राबण्यापेक्षा टॅलीचा क्लास लाव, नोकरीला उपयोगी पडेल." त्यांचे चुकते असे नाही, फीचे पैसे त्यांनी बाजूला काढून ठेवले आहेत. पण टॅलीचा क्लास जूनमध्येही सुरू होतो, हे मी चौकशी करून आले आहे. घरी अजून सांगितलेले नाही.