लस लहानांना, कवच मोठ्यांना

कावीळ म्हटली की आमच्या मोहल्ल्यात आधी माळ यायची. मुळ्यांच्या बारीक तुकड्यांची ती माळ रोग्याच्या गळ्यात घालायची. ती लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असा हिशेब. दूषित पाण्या-अन्नातून होणारी ‘ए’ प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, बहुतेकांची आपोआपच बरी होते. श्रेय मात्र माळेला! मी शब्दांत रमणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण या रोगाची चाल समजून घेण्याजोगी आहे.

हा विषाणू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाणी, अन्न, न धुतलेले हात यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. सहा वर्षांखालच्या मुलांत बहुधा त्याची लक्षणेच दिसत नाहीत. मूल खेळत राहते आणि विषाणू वाटत राहते. तोच तिशीतल्या माणसाला गाठतो तेव्हा अंथरुणाला खिळवतो, क्वचित यकृत निकामी करतो. मग लस द्यायची कोणाला? आजारी पडणाऱ्यांना, की पसरवणाऱ्यांना?

इस्रायलने 1999 मध्ये दुसरी वाट धरली. दीड आणि दोन वर्षांच्या सर्वच मुलांना लस सुरू केली. त्याआधी तिथे लाखामागे वर्षाला सुमारे 50 रुग्ण असत. 2002 ते 2004 या काळात ते दोन-अडीचवर आले. नवल असे की, ज्यांना लस टोचलीच नव्हती त्या मोठ्यांतही रोग घटला. अर्जेंटिनाने 2005 पासून वर्षाच्या बाळाला एकच डोस दिला. या काविळीपायी तिथल्या मुलांवर यकृत-प्रत्यारोपणाची पाळी येई. 2007 नंतर कित्येक वर्षे ती आली नाही.

अमेरिकेने मात्र टप्प्याटप्प्याने पावले टाकली. 1996 मध्ये जोखमीचे गट, 1999 मध्ये जास्त प्रादुर्भावाची राज्ये आणि 2006 मध्ये सर्व मुले. रोग ओसरला खरा. पण लहानपणी ना रोग झाला, ना लस मिळाली, अशी प्रौढांची मोठी संख्या उघडीच राहिली. 2016 च्या अखेरीस सॅन दिएगोत साथ उसळली. 592 रुग्ण, 20 मृत्यू. त्यांत बेघर आणि अमली पदार्थ घेणारे पुष्कळ. ही माणसे दवाखान्याची पायरी कशाला चढतील? शेवटी परिचारिकाच लस घेऊन फूटपाथवर गेल्या, हात धुण्याची सोय रस्त्यावर मांडली गेली. विषाणूशी संपर्क आल्यावर दोन आठवड्यांच्या आत लस दिली, तरी रोग बहुधा टळतो. साथीच्या मागे असे धावणे म्हणूनच वाया जात नाही.

आपल्याकडे पूर्वी हा रोग बहुतेकांना बालपणीच नकळत होऊन जाई आणि जन्मभराचे संरक्षण देई. आता फिल्टरच्या पाण्यावर वाढलेली मुलगी अठराव्या वर्षी वसतिगृहात जाते, कोपऱ्यावरच्या गाडीवर पाणीपुरी खाते, आणि तोवर तिच्या शरीराला या विषाणूची ओळखच झालेली नसते.