पोर पळतं, पण शहरात टिकतं का?

औंधच्या मूळपीठाचा डोंगर आपली पोरं पळत चढतात. त्यांना दम लागत नाही. इथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. पोरांचं अंग कसलेलं असावं, असा त्यांचा ध्यास होता. अंग गावात कसतं. पण मोठी शर्यत शहरात असते. लांबच्या खेड्यातलं पोर तिथं कसं टिकेल, ते पाहू.

नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. कविता राऊत तिथली. लहानपणी ती अनवाणीच पळे. पुढं नाशिकला विजेंद्र सिंग या गुरूंच्या हाताखाली तिनं सराव केला. २०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथं दहा हजार मीटर, म्हणजे दहा किलोमीटर पळून तिनं कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं.

पाय पाड्यावर तयार झाले. गुरू आणि मैदान शहरात मिळालं. पण सगळ्याच पोरांचं असं होत नाही.

पाड्यावरचं पोर वसतिगृहात येतं. तिथली बोली वेगळी, जेवण वेगळं. आपल्या बोलीला कुणी हसलं, की ते गप्प बसतं. पाय दुखला तरी सांगत नाही. रात्री घर आठवतं. महिन्याभरात गाठोडं बांधून परत येतं. लोक म्हणतात, 'पोरात दमच नव्हता.' अहो, दम होता. सोबत नव्हती.

मग आईबापांनी काय करावं? आधी स्वतः जाऊन जागा बघावी. झोपायची सोय कशी आहे, पोटभर जेवण मिळतं का, शाळा चालू राहील का, हे विचारावं. मुलगी असेल तर देखरेखीला बाई आहे का, ते पाहावं. ठरल्या वारी फोन करावा. जमलं तर गावातली दोन पोरं बरोबर पाठवावीत. सणाला घरी आणावं. 'हरलास तरी घर तुझंच आहे,' असं आधीच सांगून ठेवावं.

गुरूनंही पोराच्या बोलीला कुणाला हसू देऊ नये. अनवाणी पायाला बुटाची सवय हळूहळू लावावी. वेळ मोजण्याआधी, 'जेवलास का?' असं विचारावं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. लोकांनीही मदत केली. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तुमच्या आळीत, वस्तीवर असं एखादं पोर आहे का? ते शहरात गेलं, तर त्याला आठवड्याला फोन कोण करील, हे आजच ठरवा.