प्रयोगशाळेतली चकती आणि भंगारातला कोबाल्ट

वडवणीजवळच्या एका खेड्यातली बाई रक्तदाब तपासायला आली होती. गोळ्यांची चिठ्ठी हातात घेतली तरी उठेना. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरगी बीडला बी.एस्सी. करती. तिथं किरणाचा प्रयोग हाय म्हणती. उद्या तिचं लगीन व्हायचंय, लेकरंबाळं व्हायचीत. काढून घेऊ का तिला तिथून?"

मुलीला विषयातून किंवा कॉलेजातूनच काढायच्या तयारीने ती माउली आली होती. अशी भीती बऱ्याच घरांत असते आणि त्यापायी शिकत्या मुलींचे नुकसान होते. म्हणून या आठवड्यात सर्दी-तापाला सुट्टी देऊन हाच विषय घेतो.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत 'गायगर काउंटर' नावाचे किरण मोजण्याचे यंत्र असते. त्याच्यासमोर ठेवायला रुपयाच्या नाण्याएवढी प्लास्टिकची चकती असते. तिच्यात सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचा कण बंद केलेला असतो. यालाच सीलबंद स्रोत म्हणतात. कंदिलाचा उजेड काचेबाहेर येतो पण तेल बाहेर येत नाही, तसेच इथे आहे. किरण बाहेर येतात, पदार्थ आतच राहतो. चकती फुटली, चिरली तरच पदार्थ हाताला, कपड्याला लागण्याचा धोका. म्हणून जाणकार माणसाकडून ती ठरावीक मुदतीने पुसून, पुसलेला बोळा यंत्रासमोर धरून गळती तपासून घ्यायची असते.

आता धोका किती? 'किरण' शब्दाने घाबरण्यापेक्षा हिशेब मांडावा. समजा चकतीत ५ मायक्रोक्युरी सीझियम आहे. विद्यार्थिनी तिच्यापासून एक फुटावर, आठवड्याला दोन तास, वर्षातले तीस आठवडे बसली. म्हणजे साठ तास. या साठ तासांत तिच्या अंगात जाणारी मात्रा सुमारे ०.०१ मिलिसिव्हर्ट भरते. माती, दगड, आकाश आणि श्वासातली हवा यांतून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे वर्षभराच्या प्रयोगाने त्यात दोनशेव्या भागाचीही भर पडत नाही. सर्वसामान्य माणसासाठी ठरवलेली जादा मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. पोटाचा एक सी.टी. स्कॅन त्याच्या आठ-दहा पट मात्रा देतो आणि तो मात्र लोक स्वतःहून मागून करून घेतात! त्या बाईला मी एवढेच सांगितले, "ताई, या चकतीनं तुमच्या लेकीच्या लेकराबाळांना काही होत नाही. शिकू द्या तिला."

याचा अर्थ चकती खिशात घालून फिरावे असा नव्हे. अंतर निम्मे केले की मात्रा चौपट होते, आणि एक फुटावरून एका सेंटिमीटरवर आले तर सुमारे नऊशेपट. म्हणून चकती बोटाने न उचलता चिमट्याने उचलायची, काम झाले की शिशाच्या डबीत ठेवायची आणि त्या खोलीत डबा खायचा नाही. शिकवणाऱ्या बाईंना दिवस गेले असतील तर त्यांनी ते विभागप्रमुखांना वेळीच सांगावे. संकोच करू नये.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. वापरात असलेल्या वस्तूवर कुणाचे तरी लक्ष असते. वापरातून गेलेली वस्तू विसरली जाते.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडाहून 'गॅमा सेल' नावाचे यंत्र आणले होते. त्यातही सीलबंद स्रोतच होता, पण आपल्या चकतीच्या कोट्यवधी पट मोठा, हजारो क्युरींचा कोबाल्ट-६०. शिशाच्या जाड कवचात तो सुरक्षित होता. १९८५ नंतर यंत्र वापरात राहिले नाही. ते वापरणारे प्राध्यापक गेले, खोलीत यंत्र पडून राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. शिशाला भाव चांगला मिळतो, म्हणून कामगारांनी कवच फोडले. कोबाल्टच्या कांड्या मोकळ्या झाल्या. एकाने तर चकाकता तुकडा पैशाच्या पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला.

कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. ४२ वर्षांत तो आठ वेळा निम्मा झाला होता, म्हणजे सुमारे अडीचशेवा भाग उरला होता. तेवढ्याने एका कामगाराचा जीव घेतला आणि इतर कित्येक जण इस्पितळात पडले. एका दुकानदाराची कातडी काळी पडली, केस गळू लागले. इस्पितळातल्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी कळवले, तेव्हा एप्रिलमध्ये हा प्रकार उघडकीला आला. अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच आहे. त्या मंडळाने विद्यापीठाला दोषी धरून तिथले किरणोत्सारी पदार्थांचे काम थांबवले होते.

ब्राझीलच्या गोइयानिया शहरात १९८७ साली असेच घडले होते. दवाखान्याने जागा सोडली आणि कॅन्सरवरच्या उपचाराचे जुने यंत्र तिथेच राहिले. ते भंगारात गेले. आतली सीझियमची भुकटी अंधारात निळी चमके, म्हणून लोकांनी ती कौतुकाने वाटून घेतली. चार माणसे दगावली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. एक लाखावर लोकांना तपासावे लागले. घरातली माणसे याच वस्तूने आजारी पडत आहेत हे तिथे प्रथम ओळखले ते भंगारवाल्याच्या बायकोने.

म्हणून पालकांनी आणि विशेषतः संस्थाचालकांनी विचारायचा प्रश्न 'किरण आहेत का' हा नाही. आपल्याकडे किती चकत्या होत्या, त्यांची नोंदवही कुठे आहे, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, आणि निरुपयोगी झालेली चकती कुठे परत पाठवली त्याची पावती आहे का, हे विचारावे. मोठे स्रोत बाळगायला नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि ते भंगारात विकता येत नाहीत. प्राध्यापक निवृत्त होताना खुर्चीचा चार्ज लिहून देतात, तसा याचाही द्यावा.

जाता जाता आणखी एक गैरसमज. आपल्या भागातले कॅन्सरचे रुग्ण बार्शीला शेक घ्यायला जातात. बाहेरून यंत्राने शेक दिलेला रुग्ण किरणोत्सारी होत नाही. त्याच्याजवळ नातवंडे बसली तर काही बिघडत नाही. त्याचे ताट वेगळे करणाऱ्या घरांचा मला फार राग येतो.

माझ्या व्यवसायबंधूंसाठीही दोन शब्द. भंगाराचे काम करणारा माणूस एकाएकी ओकाऱ्या होतात म्हणून आला, मग काही दिवस बरा वाटला, आणि पुढे केस गळणे, ताप, हिरड्यांतून रक्त असे सुरू झाले, तर नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन पाठवू नये. हातावर किंवा मांडीवर भाजल्यासारखी जखम आहे आणि भाजल्याचे त्याला आठवत नाही, तर कामधंदा विचारावा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात. त्यांतल्या लिम्फोसाइट झपाट्याने घटलेल्या दिसल्या तर शंका बळावते.

पिवळ्या पाटीवर मधल्या ठिपक्याभोवती पंख्यासारखी तीन पाती असे चिन्ह असलेली पेटी, किंवा आकाराच्या मानाने फारच जड असलेली शिशाची वस्तू भंगारात दिसली, तर ती उघडू नये, फोडू नये, घरी आणू नये आणि दाखवायला दवाखान्यातही आणू नये. गोइयानियाच्या त्या बाईने ती वस्तू पिशवीत घालून बसने नेली होती. जिथे आहे तिथेच ठेवून माणसांना दूर करावे, हात लागला असेल तर साबणाने धुवावेत आणि पोलीस ठाण्यात किंवा तहसील कचेरीत कळवावे. तिथून ही खबर मुंबईला नियामक मंडळाकडे पोचवायची असते. मंडळाची माणसे मोजमापाची यंत्रे घेऊन येतात.