पावतीपुस्तक आणि शेजार

मुंबईच्या चाळीत नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाची पहिली खरी नोंद वर्गणीच्या पावतीपुस्तकात होते. नळावर ओळखी होतात, पण त्या तोंडदेखल्या. गणपतीच्या महिनाभर आधी दोघे-तिघे तरुण दारात उभे राहून नाव, खोली क्रमांक आणि रक्कम लिहून घेतात, तेव्हा ते घर चाळीच्या हिशोबात येते. दोन-चार वर्षांत त्याच घरातला मुलगा पुस्तक काखोटीला मारून जिने चढू लागतो. चाळीतला आपलेपणा बिनपगारी कामातून येतो तो असा.

या कामाची मुळे जागेच्या टंचाईत आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. इमारती २०७, बहुतेकींत ८० खोल्या आणि खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास सामाईक, गॅलरीही सामाईक. पाणी कधी येते, जिना कोण झाडतो, मोरी तुंबली तर कोणाला बोलवायचे, हे ठरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. चाळ कमिटी अशा गरजेतून उभी राहिली.

गिरणगावात या गरजेला गावाचीही जोड मिळाली. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. गावकीच्या खोलीचे भाडे वाटून घेतले जाई, जेवण खानावळीत होई, आणि गावच्या देवळासाठी किंवा शाळेसाठी मुंबईतच वर्गणी निघे. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव आणि माझगाव भागात काढलेले ‘कूड’ याच जातीचे. बोटीवर नोकरी शोधणारा तरुण आपल्या गावाच्या कुडात उतरे. संध्याकाळच्या सामूहिक प्रार्थनेला हजर राहण्याचा दंडक त्यालाही लागू असे. माणूस शहरात एकटा आला तरी त्याचे गाव त्याच्या आधी तिथे पोहोचलेले असे.

सार्वजनिक गणेशोत्सवाने या शेजाराला वर्षाचे वेळापत्रक दिले. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून चालू आहे आणि १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी त्याला भेट दिली होती. तिथली मूर्ती आजही लहानच असते. उंचीच्या स्पर्धेत उतरलेल्या शहरात ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी अशी आहे.

उत्सव दहा दिवसांचा, त्यामागची खटपट मात्र तीन महिन्यांची. सभा भरते, गेल्या वर्षीचा जमाखर्च वाचला जातो, कुणीतरी फुलांच्या बिलावरून खजिनदाराला धारेवर धरतो आणि त्यानंतरच नवी कार्यकारिणी निवडली जाते. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवापुरती वर्गणी काढायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. मांडवासाठी पालिकेकडे आणि पोलिसांकडे खेपा वेगळ्याच. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अर्ज लिहायला, हिशोब ठेवायला आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणाऱ्या दारात चार वेळा हसतमुखाने जायला इथे शिकतो. दारोदार फिरताना कोणत्या खोलीत आजारपण आहे, कोणाचा पगार थकला आहे, कोणाकडून यंदा पैसे मागायचे नाहीत, तेही त्याला कळते. म्हणूनच एखाद्या घरात मध्यरात्री रुग्णवाहिका लागली किंवा मयत झाले, की आधी धावतात ती मांडवाचे बांबू रोवणारी मुले.

या आपलेपणाला कुंपणही होते. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क हवा, यावरून संघर्ष झाला. प्रबोधनकार ठाकरे त्यात आघाडीवर होते आणि डॉ. आंबेडकरही उतरले होते. त्यानंतर प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. वर्गणी घ्यायची आणि देवाजवळ येऊ द्यायचे नाही, हा ‘सार्वजनिक’ शब्दाचा उघड अपमान होता. बायकांच्या वाट्याला बराच काळ प्रसाद, रांगोळी आणि हळदीकुंकूच आले. पावतीपुस्तक आणि सभेतला शब्द पुरुषांकडे राहिला. आज काही मंडळांच्या कार्यकारिणीत महिला दिसतात. हा बदल उशिराच झाला.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत. पगार थांबला तशी वर्गणी आटली आणि ती पोकळी अनेक ठिकाणी पुढाऱ्यांच्या देणग्यांनी व फलकांनी भरली. तिथे मंडळाचा स्वभाव बदलला. घरटी थोडे थोडे पैसे देणारा रहिवासी हिशोब मागतो. एकहाती मोठी रक्कम देणाऱ्याकडे हिशोब मागायला कोणी धजत नाही. चाळकऱ्यांची वर्गणी रकमेने किरकोळ असली, तरी मंडळावर वचक होता तो तिचाच.

आता चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी रहिवाशांच्या पहिल्या तुकडीला ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच संडास आणि नळ असणे हे सुख त्या माणसांनी शंभर वर्षांच्या गैरसोयीनंतर मिळवले आहे. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी ते कमी लेखू नये. मनोऱ्यात गॅलरी मात्र उरत नाही. वर्गणीला निघालेल्या मुलांना तिथे लिफ्टने एकेक मजला गाठून प्रत्येक बंद दारावरची घंटा वाजवावी लागते.