काच काळी, जाळ कच्चा

दिवाळी जवळ आली की घरातली काच न् काच उजळून निघते. तसबिरी, आरसे, कपाटांची दारे, खिडक्यांची तावदाने. गृहिणीच्या फडक्यातून एकही सुटत नाही. पण वाचकहो, काचेचे एक घराणे असे आहे की आज लख्ख पुसावे आणि उद्या पुन्हा काळे व्हावे. ती म्हणजे जाळाशेजारी नांदणारी काच! कालपर्यंत ती आपल्या कंदिलात होती. आज कॅनडात किंवा नॉर्वेत संसार थाटलेल्या आपल्या लेकीसुनांकडे ती लाकडाच्या लोखंडी शेगडीच्या दारात बसवलेली आढळते. आत जाळ, बाहेर ऊब आणि मध्ये ही काच. दोन दिवसांत ती काजळते आणि घरधनीण हैराण होते.

हे कोडे उलगडायचे तर सरपणाची खरी पारख असलेल्या मुलखात जावे. अर्जुनी मोरगाव हा तसाच एक मुलूख. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यातला हा तालुका. धानाच्या बांध्या, जुने तलाव, गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आणि सभोवार ऐन, धावडा, मोह, बांबू यांचे रान. भाऊबीज झाली की इथल्या गावांतून मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात.

वीज येण्यापूर्वी इथेही, साऱ्या महाराष्ट्राप्रमाणेच, तिन्हीसांजेच्या आधी कंदिलाची काच पुसण्याचे काम ठरलेले असे. कऱ्हाडजवळच्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी खुंटीला टांगलेला असेल. हा कारखाना १९१६ सालचा. कंदिलाची काच पुसायला साबण लागत नसे. चुलीतली चिमूटभर राख आणि कागदाचा बोळा एवढ्यावर काम भागे.

आता ही काजळी येते कुठून? आपण म्हणतो, लाकूड जळते. खरे पाहता उष्णतेने लाकडातून वायू आणि वाफा निघतात आणि ज्वाळा असते ती त्यांची. भरपूर उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर त्या जळून जातात. दोहोंपैकी एक जरी कमी पडले, तरी न जळलेला कोळशाचा बारीक कण आणि डांबरासारखा चिकट अंश धुराबरोबर उठतो आणि जवळच्या थंड पृष्ठभागावर बसतो. कंदिलाची वात गरजेपेक्षा वर काढली की रॉकेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काच काळी. शेगडीत ओले लाकूड घातले की जाळाची उष्णता पाणी उकळण्यात खर्ची पडते, म्हणून काच काळी. थोडक्यात, काजळी म्हणजे न जळलेले, वाया गेलेले सरपण.

तेव्हा आधी जाळ सुधारावा, मग काच पुसावी. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाने निम्मे पाणी असू शकते. ते वीस टक्क्यांच्या खाली आले की लाकूड जळण्याजोगे झाले असे समजावे. त्यासाठी लाकडे फोडून, वर आडोसा आणि बाजूंनी वारा राहील अशी रचून, निदान एक उन्हाळा तरी वाळू द्यावीत. दोन ओंडके एकमेकांवर आपटल्यास वाळलेले खणखणतात, ओले मात्र धप्प करतात. शेगडी पेटवताना हवेची झडप पूर्ण उघडी ठेवावी. नव्या शेगड्यांत वरून काचेच्या अंगाने हवा सोडण्याची सोय असते. तो झोत धुराला काचेपासून दूर ठेवतो. रात्रभर पुरावे म्हणून झडप आवळून जाळ धुमसत ठेवला, तर सकाळी काच काळीकुट्ट झालीच म्हणून समजा.

एवढे करूनही डाग पडलाच तर आजीचाच उपाय करावा. शेगडी पूर्ण निवू द्यावी. वर्तमानपत्राचा ओला बोळा राखेत बुडवून हलक्या हाताने गोल गोल फिरवावा, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसावे. राखेतला क्षार पाण्यात विरघळला की चिकट डांबर सैल होते. राख मात्र फडक्यातून गाळलेली हवी, नाहीतर खड्याने ओरखडे पडतात. तारेची घासणी तर मुळीच नको. आणि कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा हात कधीही लावू नये, ती ताडकन तडकते.

पण वाचकहो, काच पुसता येते, छाती पुसता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्याकडे २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खेडोपाडी सिलिंडर पोहोचले. तरी ते भरून आणण्याचा खर्च परवडत नाही म्हणून अनेक घरांत चूल पेटतेच. अर्जुनी मोरगावसारख्या भागात प्रत्येक मोळीमागे रानातली एक खेप असते. हेच रान २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचे! ओले सरपण जास्त लागते. म्हणजे बाईची एक खेप वाढली आणि वाघाशी गाठ पडण्याचा धोकाही वाढला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' घडवली, ती उगीच नव्हे.

चुलीजवळ काच नसते, म्हणून तिथली काजळी कोणी पुसत नाही. ती भिंतीवर, आढ्यावर आणि स्वयंपाक करणारीच्या श्वासात साठत जाते. तेव्हा या दिवाळीला गावाकडे जाल, तर चुलीवरच्या आढ्याकडे एकवार जरूर पाहा. ते फार काळे दिसले, तर फराळाच्या डब्याबरोबर सिलिंडर भरण्याचे पैसे ठेवून या. निदान पडवीत सरपणावर चांगले छप्पर तरी घालून द्या. त्या घरच्या माउलीला याहून मोठी भाऊबीज कोणती?