घाव गोट्यात जावा

समृद्धी महामार्ग पुरा झाला, आता बुलढाणा जिल्ह्यातली अवजड यंत्रं करतात काय, ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. मेहकर, सिंदखेडराजा भागातून हा रस्ता सुमारे 87 किलोमीटर जातो. उत्तर लवकर मिळालं: शेततळी, रस्ता रुंदीकरण, जुन्या इमारती पाडणं. पण खामगाव-नांदुरा रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पोकलेनचा ब्रेकर उघडून ठेवलेला दिसला आणि माझा सगळा दिवस तिथंच गेला.

‘पोकलेन’ हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. तिने 1951 मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं खोदयंत्र बनवलं. पुढे एल अँड टी ते भारतात बनवू लागली आणि कुठल्याही कंपनीचं खोदयंत्र आपल्याकडे पोकलेनच झालं. दगड फोडणारा ब्रेकर जर्मनीच्या क्रुप कंपनीने 1967 मध्ये बाजारात आणला. बुलढाण्यात त्याला काम कमी पडणार नाही. बऱ्याच ठिकाणी चार बोटं माती काढली की काळा बेसाल्ट लागतो, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. याच दगडात आकाशातून आलेल्या एका घावाने लोणारचं विवर झालं. ब्रेकर मिनिटाला 400 ते 600 घाव घालतो.

शेडमधले मिस्तरी पन्नाशीचे. 2018 मध्ये ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ मोहिमेत भारतीय जैन संघटनेने 134 जेसीबी आणि पोकलेन जिल्ह्यात उतरवली होती, डिझेल शासनाचं होतं. त्या उन्हाळ्यात नदी-तलावांच्या गाळात उतरून मिस्तरींचा हात बसला. पण त्यांचा जीव ब्रेकरवर. कारण विचारलं तर म्हणाले, “भाऊ, घाव गोट्यात नाई गेला त तो मशीनीतच येते.”

या एका वाक्यात ब्रेकरची सगळी देखभाल आली. आत एक जड पिस्टन असतो. तेल त्याला वर ढकलतं, वर कोंडलेला नायट्रोजन दबतो, आणि पुढच्या क्षणी दोघं मिळून त्याला खाली छिन्नीवर हाणतात. छिन्नी दगडावर टेकलेली असेल तर घाव दगडात जातो. दगड फुटला, छिन्नी मोकळी झाली, तरी ऑपरेटरने पेडलवरचा पाय काढला नाही, तर तोच घाव छिन्नी अडवणाऱ्या पिनांवर आणि लांब बोल्टांवर बसतो. दगड फुटत नसेल तर अर्ध्या मिनिटात जागा बदलायची, नाहीतर छिन्नीचं टोक तापून मऊ पडतं. त्यांनी एक टोक हातात दिलं. अळंबीसारखं पसरलेलं होतं.

मग ग्रीस. दर दोन तासांनी मारायचं, आणि तेही छिन्नी जमिनीवर उभी दाबून. छिन्नी लोंबती ठेवून मारलं तर ग्रीस पिस्टनखाली साचतं आणि पुढच्या घावाला सील फाटतं. मिस्तरींनी मशीन उभं केलं, इंजिन बंद केलं आणि पंप हाणत राहिले, बुशच्या कडेने काळी वळी बाहेर येईपर्यंत. ती बोटावर घेऊन उन्हात धरली. चमक दिसली तर लोखंडाचा चुरा, म्हणजे बुश झिजला. चमक नव्हती. त्यांनी बोट पुसलं.

होज पाइपांवर ते हात फिरवत नाहीत, पुठ्ठा फिरवतात. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने निघालेलं तेल हातमोज्यातून थेट कातडीखाली शिरतं. वर जखम टिकलीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर हात जाऊ शकतो. नायट्रोजन संपला म्हणून शेजारच्या वेल्डरचा ऑक्सिजन भरायचा मोह तर जिवावरचाच. तेल आणि दाबलेला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. उचललेल्या बूमखाली, म्हणजे यंत्राच्या लांब हाताखाली, कुणी शिरलेलं त्यांना खपत नाही. मशीन बंद असताना ती केवळ तेलावर तरलेली असते.

हे सगळं ठाऊक असताना चुकतं कुठे? मला वाटतं, भाड्याच्या हिशोबात. भाडं बहुतेक ठिकाणी तासावर ठरतं आणि मीटर इंजिनाबरोबर चालतो. ग्रीससाठी इंजिन बंद केलं की मालकाची कमाई थांबते. शेतकऱ्याला पावसाआधी शेततळं हवं, ठेकेदाराला रस्ता. मे महिन्याच्या उन्हात तेल आधीच तापलेलं असतं, तेव्हाच थांबण्याची गरज सर्वांत जास्त आणि घाईही तेव्हाच. नोव्हेंबर 2025 पर्यंत अमलात असलेला बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदाही दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच लागू होता. शेतकऱ्याच्या बांधावर एक मशीन, एक ऑपरेटर आणि एक हेल्पर असतो. तिथं तपासणी करायची ती त्या दोघांनीच, आणि त्यातला हेल्पर अनेकदा नुकताच कामाला लागलेला पोरगा.

म्हणून भाडं ठरवतानाच ग्रीसची दहा मिनिटं कामाच्या तासात धरली जावीत, असं मला मनापासून वाटतं. ग्रामपंचायतीने, ठेकेदाराने, शेतकऱ्यानेही. रक्कम किरकोळ आहे. तेवढ्यासाठी हेल्परचा हात पणाला लागू नये.

संध्याकाळी मशीन ट्रेलरवर चढलं. हेल्पर केबिनजवळ उभा होता. मिस्तरींनी ग्रीसगन त्याच्या हातात दिली, वर फडकं दिलं, आणि किती वाजता मारायचं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.